लक्ष्मण मिस्त्रींचा पहिला पेला

मैलूरात कुणाच्या घरी नवा नळ आला की त्याचं पहिलं पाणी घरच्यांना मिळत नसे. ते लक्ष्मण मिस्त्री पीत. तोटी फिरवायची, गढूळ पाणी वाहू द्यायचं, मग घरातून पेला मागवायचा आणि सगळ्यांदेखत घटाघटा रिकामा करायचा. मध्ये कुणी बोललंच तर उत्तर तयार: "लायसनदारानं आधी प्यायचं. कलम हाय तसं."

कलमांवर मिस्त्रींचा फार जीव. नगरपालिकेचं लायसन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ते खिशात बाळगत, लग्नाच्या पंगतीतसुद्धा. "पानी वर, घान खाली, मधी दोन हात" हे त्यांचं सगळ्यांत आवडतं. पाण्याचा पाइप गटाराच्या पाइपापासून दूर ठेवायचा, एवढाच त्याचा अर्थ. पण एकदा बसमध्ये तंबाखू थुंकणाऱ्या शेजाऱ्यालाही त्यांनी दोन हात मोजून सरकवलं होतं.

म्हैसूर राज्याचं कर्नाटक झालं त्या सुमारास नवे इंजिनिअर आले आणि त्यांनी फर्मान काढलं: लायसन नवं करायचं तर तोंडी परीक्षा द्यायची, नियमांच्या कानडी पुस्तकातून. मिस्त्री चार यत्ता शिकलेले, त्याही उर्दूत. कानडी बोलत फडाफडा, वाचता मात्र येईना. नापास झाले तर एवढा जुना मिस्त्री दुसऱ्याच्या हाताखाली चर खणायला जाणार. त्यातच एका घरमालकानं पहिल्या पेल्याची लेखी तक्रार केली.

मी शाळामास्तर, कानडी वाचणारा. "गुर्जी, तुमी वाचा, मी ध्यानात धरतो," म्हणत ते आठ संध्याकाळी माझ्या ओसरीवर येऊन बसले. मी एकेक कलम वाचून मराठीत सांगायचो आणि ते मध्येच म्हणायचे, "हे तर माज्या हाताला म्हाईत हाय की!"

आठव्या दिवशी पुस्तक संपलं. मी म्हटलं, "मिस्त्री, पेल्याचं कलम काही सापडलं नाही."

"न्हाईच ते. मीच केलो. उद्या सायेब त्येच इचारणार बघा."

"मग इतकी वर्षं सांगायलात कामून?"



"आमच्या खेड्यात हिरीला आमचा हात चालत नव्हता, गुर्जी. माय घागर घिऊन काठाला बसायची. कुनी वरून वतलं तर पानी, न्हाई तर तसंच. पुढं आमी बौद्ध झालो, मी शहरात आलो, लायसन काढलो. पर कुनाच्या दारात पानी मागाया जीभ उचलंना. कलम हाय म्हनलं की मागावं लागत न्हाई. घरवालेच आनून देतात."

आठ संध्याकाळी हा माणूस कलमं घोकून माझ्यासमोर घसा कोरडा करत होता. त्यांनी पाणी मागितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली. उठून आत गेलो, पाणी घेऊन आलो. ते गुमान प्याले आणि म्हणाले, "उद्या सायबाला खरं त्येच सांगतो."

सांगितलं. परीक्षाही पास झाले. लायसन मिळालं, पण पेल्याचं ते कलम साहेबांनी बंद केलं.

त्यानंतर नळ सुरू झाला की मिस्त्री पाना पिशवीत टाकत आणि क्षणभर रेंगाळत. मैलूरात आजवर दोनच घरांनी आपणहून पेला पुढं केला. त्यांतलं एक आमचं, तेही त्या ओसरीवर, आठ दिवस उशिरानं.