माणिकअप्पांचे तीन रकाने

माणिकअप्पांच्या हातात चहाची बशी दिली की ती ओठाला लावण्याआधी ते विचारायचे, “ह्यातलं दूध कुनाचं?” दूध शेजारून उसनं आणलेलं असलं तर घरच्या बाईला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. अप्पांना त्याचं काही नसे. “उसनं चालतंय की. पन ठावं पायजे,” असं म्हणून ते फुर्रकन चहा ओढायचे.

एकदा भर मांडवात त्यांनी नवरदेवालाच विचारलं, “कोट कुनाचा?” पोरगं भोळं होतं. कोट मामाचा, बूट दोस्ताचे, घड्याळ मास्तरांचं, असं सगळं त्यानं सासऱ्यादेखत सांगून टाकलं. तेव्हापासून गंगाखेडात अप्पांना लग्नाच्या पत्रिका लग्न झाल्यावर मिळायला लागल्या.

अप्पा एका अडत दुकानात मुनीम होते. शाकाहारी लिंगायत, गळ्यात लिंग, डोक्याला पांढरा रुमाल आणि धोतराच्या सोग्याला कायम खडूचे डाग. बायको लग्नानंतर दोनच वर्षांत पटकीनं गेली, त्यांनी पुन्हा संसार केला नाही. दर रविवारी सकाळी गोदावरीकाठच्या एका धर्मशाळेत ते आम्हाला हिशेब शिकवायचे, तेही फुकट. आम्ही म्हणजे निजामाच्या कचेऱ्यांतले सात नकलनवीस. संस्थान गेलं, त्याच्याबरोबर उर्दूतलं कामकाज गेलं, आणि उर्दूत कागद उतरवण्यापलीकडे काही न येणारे आम्ही ऐन तिशीत निकामी झालो. गावोगाव सोसायट्या निघत होत्या आणि त्यांना हिशेब जाणणारे सेक्रेटरी हवे होते, म्हणून आम्ही पाट्या घेऊन अप्पांसमोर बसायचो.

अप्पा भिंतीवर खडूनं तीन रकाने आखायचे. पहिला ‘हाय’, दुसरा ‘दुसऱ्याचं’, तिसरा ‘आपलं’.

“दुनियेत जे हाय ते एक तर दुसऱ्याचं हाय, न्हाई तर आपलं. आनखी मालक न्हाई. म्हनून पैल्या रकान्याची बेरीज ह्या दोगांच्या बेरजेएवढी. कमी न्हाई, जादा न्हाई.”

मालमत्ता, देणी, भांडवल हे शब्द पुस्तकात होते. पण ते शब्द अप्पांनी शेवटपर्यंत तोंडातून काढले नाहीत.

“झरीच्या एका मानसानं पदरचे शंभर रुपये घालून दुकान टाकलं,” ते म्हणाले. “वर पन्नासाचा गूळ उधार आनला. मांडा.”

आम्ही मांडलं. उर्दूची सवय, हात आपोआप पाटीच्या उजव्या टोकाला गेला. ‘हाय’चे दीडशे आम्ही सातही जणांनी उजवीकडून पहिल्या रकान्यात, म्हणजे ‘आपलं’च्या खाली लिहून ठेवले. अप्पा पाट्या बघत एकेकापुढून गेले.

“शाबास! उधारीवर श्रीमंत झालेला पैलाच मानूस. चला, समदे झरीला जाऊन ऱ्हाऊ.”

मग त्यांनी दीडशे डावीकडे लिहिले, मधे उधारीवाल्याचे पन्नास, शेवटी आपले शंभर. “आता गूळ पावसात भिजला. वीस रुपयांची माती झाली. बोला.”

मी उत्साहानं म्हटलं, “‘हाय’मधले वीस गेले. गूळ उधारीचा होता, म्हणून ‘दुसऱ्याचं’मधलेही वीस गेले.”

खडू येऊन माझ्या कपाळावर बसला. “गूळ भिजला. देनं भिजलं काय? त्याचे पन्नास तसेच उभे हायेत. आपल्या शंभराचे ऐंशी झाले. नुकसान आपल्यातून जातंय, नकलनवीस. कायम आपल्यातून.”

हे ते नुसतं शिकवत नव्हते. धर्मशाळेमागच्या त्यांच्या खोलीपुढं पाच शेळ्या आणि तीन बोकड अशी आठ जनावरं बांधलेली असत. गळ्यात लिंग आणि दारात बोकड, याची गावाला भारी गंमत वाटायची. ही जनावरं इस्माईलभाई टेलरची. पोलिस ॲक्शननंतरच्या वाईट दिवसांत, भोवतालच्या खेड्यांतून नको नको त्या बातम्या येत असताना, इस्माईलभाई एका पहाटे बायकामुलांना घेऊन हैदराबादेला निघाले. जाताना दोन शेळ्यांची दोरी त्यांनी अप्पांच्या हातात दिली. “चार दिन संभालो अप्पा, आतूं मैं.” त्याला पाच वर्षं झाली होती.

दोनाची आठ झाली. वाढही इस्माईलभाईंचीच, म्हणून ती ‘दुसऱ्याचं’ रकान्यात. दुधाचे पैसे चाऱ्यापाण्याला जायचे आणि अप्पा स्वतःच्या चहाला गवळ्याकडून दूध विकत आणायचे. एक शेळी साप चावून मेली, तेव्हा त्यांनी पदरचे पैसे घालून पालमच्या बाजारातून अगदी तशीच काळी शेळी आणली. खाटीक बोकडांवर डोळा ठेवून चकरा मारायचा. “माल माझा न्हाई, इकू कसा? त्यो आला की त्याला मोजून देतो,” एवढंच अप्पा म्हणायचे. त्यामुळे बोकड दाढ्या वाढवून तिथंच म्हातारे होत होते.

दुधाचा तो प्रश्न ऐकून न लाजणारा गावात एकच माणूस होता, तो म्हणजे इस्माईलभाई. “बकरी का, और किसका? पियो अप्पा!” असं म्हणून ते बशी पुढं सरकवायचे. रोज संध्याकाळी टेलरच्या दुकानाच्या पायरीवर दोघं बसायचे. हे सांगताना अप्पा हसायचे. एरवी मी त्यांना हसताना पाहिलेलं नाही. गाव त्यांना विक्षिप्त म्हणायचं, आणि इस्माईलभाई परत येतील असं अप्पांखेरीज कुणालाच वाटत नव्हतं.

मग एका शनिवारी इस्माईलभाईंचं उर्दूतलं पत्र आलं. अप्पांना उर्दू आकडे कळायचे, अक्षर नाही. दुसऱ्या दिवशी वर्ग सुटल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं. मी पत्र वाचलं. दुकान बरं चाललंय, थोरलीचं लग्न झालं. आता तिकडं येणं व्हायचं नाही. बकऱ्या तुमच्याच समजा. आपल्यात काही बाकी नाही.

मला आनंदच झाला. मी भिंतीजवळ जाऊन खडू घेतला. “अप्पा, आठही जनावरं ‘दुसऱ्याचं’मधून काढून ‘आपलं’मध्ये. ‘हाय’ तेवढंच राहिलं. बेरीज जुळली!” इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मी न चुकता मांडलं होतं, म्हणून शाबासकीची वाट बघत उभा राहिलो.

अप्पा खाली बसले. “बरोबर हाय,” म्हणाले, आणि त्यांनी पत्राची घडी घातली.

“त्या पहाटे त्यो माझ्या दारात उभा व्हता,” ते म्हणाले. “थांब म्हनलो न्हाई मी त्याला. माझ्या घरात ऱ्हा म्हनलो न्हाई. भ्यालो लय. दोन शेळ्या पोचल्या म्हनून पावती लिवून दिली त्याला. पावती!”

त्यांनी रुमालानं तोंड पुसलं आणि कागद माझ्यापुढं सरकवला.

“उर्दूत लिव्ह. म्हनावं, माफी मंजूर न्हाई. बाकी हाय. शेळ्या चाळीस झाल्यात, सोता येऊन मोजून घ्या.”

“चाळीस? अप्पा, आठ आहेत.”

“आठ शेळ्यांसाठी हैदराबादेवरून कोन येतंय रे?”

मी चाळीस लिहिलं. अप्पांनी खाली सही केली. खोट्या आकड्याखाली त्यांनी आयुष्यात केलेली ती पहिलीच सही असावी. पत्र त्याच दुपारी मी टपालात टाकलं.

इस्माईलभाई आले नाहीत.