तायडेकाकांचा सिरका

आमचे शेजारी तायडेकाका कुणीही भेटलं की आधी लघवीचा रंग विचारतात, तब्येत मग. पुतणीच्या साक्षगंधात होणाऱ्या व्याह्यांना त्यांनी भर पंगतीत हेच विचारलं. तरी लग्न झालं, हे त्या पोरीचं नशीब!

अकोल्यात, जठारपेठेत आमची भिंतीला भिंत. म्हणजे मला सुटका नाही. रोज सकाळी सहाला कडी वाजते. दारात काका, हातात स्टीलचा गिलास, कोमट पाण्यात दोन चमचे सफरचंदाचा सिरका, म्हणजे व्हिनेगर. "प्या आधी, मंग बोला. ॲन्टीऑक्सिडंट हाये, मजाक नाही! मुतखडा होऊच देत नाही." मी नाक दाबून पितो. दात आंबलेत, जीव विटलाय. पण एकट्या म्हाताऱ्याला नाही कसं म्हणायचं?

सिरका घरचाच. गेल्या मे महिन्यात त्यांनी बरणी लोणच्यासारखी झाकण घट्ट लावून गच्चीवर उन्हात ठेवली. भर दुपारी ती फुटली आणि आमच्या वाळत घातलेल्या कुरडया आंबट झाल्या. काका म्हणाले, "आता कुरडईतबी फायदा!" बायको आठवडाभर बोलली नाही. माझ्याशी!

मागच्या महिन्यात गिलास हातात घेतला आणि कमरेतून अशी कळ निघाली, की मी उंबऱ्यातच बसलो. वाटलं, आता दुप्पट डोस. पण काकांनी गिलास मोरीत ओतला.

"चाला दवाखान्यात. ऑटो आनतो."

"थांबू थोडं, कमी होईल."

"नाही म्हनलं ना!" काका ओरडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

ऑटोत ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमच्या काकूलेबी खडा होता. मी म्हनलं, चार दिवस सिरका पिऊन पाह्य. पेली बिचारी. ताप चढला, तं म्हनलं, असर करून राहिला. दवाखान्यात नेलं तवा विष अंगभर पसरलं होतं."

मी कळ विसरलो. "मग अजून काहून वाटता सगळ्यांना?"

"कोनाले खडाच होऊ नये म्हनून."

दवाखान्यात सोनोग्राफी झाली. खडा अडकला होता, त्याच दिवशी काढायचं ठरलं. मी पलंगावर कण्हत होतो आणि काकांनी डॉक्टरांचा हात घट्ट धरला होता.

"डॉक्टरसाहेब, येळेवर आनलं ना मी?"

"हो काका, अगदी वेळेवर."

"पक्कं ना?" काकांनी पुन्हा विचारलं, आणि तिथंच उभ्या उभ्या रडायला लागले.