चिकटपट्टीपलीकडचे शेजारी

निवृत्त मोजणीदारांनी हॉलच्या मधोमध लाल चिकटपट्टी लावली, गुडघे धरत उठले आणि बायकोला म्हणाले, "ही आपली नवी भिंत."

बायकोने चहाचा घोट घेतला. "रंग कोणता द्यायचा?"

वाद जुना होता. मुलं कधीच बाहेर पडली होती आणि एवढ्या मोठ्या घराचा खर्च पेन्शनला झेपेना. मोजणीदारांनी दोन खोल्यांचं स्वस्त घर हेरलं होतं. बायको म्हणे, तिथे श्वास घ्यायलाही पाळी लावावी लागेल. शेवटी तडजोड झाली. नव्या घराच्या मापाची पट्टी लावायची आणि रविवारपर्यंत तिच्या आत राहून दाखवायचं. जमलं तर हे घर विकायचं. दोघांपैकी कुणी पट्टी ओलांडली तर विषय कायमचा बंद.

आयुष्यभर लोकांच्या हद्दी ठरवलेल्या माणसाने पट्टी बिनचूक लावली, आणि तिथेच घोळ झाला. फ्रिज हद्दीत बसला, पण त्याचं दार जेमतेम वीतभर उघडून नव्या भिंतीला टेकू लागलं. मोजणीदारांनी ते आणखी ओढलं.

"अहो, भिंत फोडताय," बायको म्हणाली. "माप तुमचंच आहे."

दुधाची पिशवी कशीबशी निघाली. भाजीचं पातेलं आतच राहिलं. सोफा, टीव्ही आणि गॅलरी तर परमुलुखातच गेली होती.

दुसऱ्या दिवशी बायकोचे थोरले भाऊ बॅग घेऊन दारात उभे राहिले. त्यांच्या घरात रंगकाम निघालं होतं. सगळं ऐकून घेऊन दादा सरळ पट्टी ओलांडून सोफ्यावर जाऊन बसले.

"दादा, ते आपलं घर नाही," मोजणीदार म्हणाले.

"म्हणूनच बसलो. तुमच्याकडे जागा कुठे आहे?"

दादांनी टीव्ही लावला. त्यांना कमी ऐकू येई, त्यामुळे कुस्तीच्या सामन्याचं वर्णन स्वयंपाकघरातल्या भांड्यांनाही समजत होतं.

"जरा आवाज कमी करायला सांग की तुझ्या भावाला."

"शेजाऱ्यांशी मी भांडत नाही. तुम्ही भिंत ठोका."

मोजणीदारांनी हवेत ठोकून पाहिलं. मग चार पावलांवर बसलेल्या दादांना फोन लावला.

"राँग नंबर," दादा म्हणाले आणि फोन ठेवला.

पुढचे दिवस दादा ऐसपैस पसरले. गॅलरीत पाय लांब करून चहा पीत. तो चहा बायको पट्टीवरून हात लांबवून देई. "शेजारधर्म आहे," ती म्हणे. मोजणीदार स्टुलावर बसून पेपर वाचत आणि पान उलटताना कोपर ओट्याला लागे. तरीही ते हटले नाहीत.

शनिवारी संध्याकाळी मात्र दादांनी टीव्हीसमोरच घोरायला सुरुवात केली. टीव्ही आणि दादा यांची जुगलबंदी रंगली, आणि मोजणीदार ताडकन उठले, पट्टी ओलांडून गेले आणि टीव्ही बंद केला.

घरात शांतता पसरली. आपले दोन्ही पाय कुठे आहेत ते मोजणीदारांना दिसलं. एवढं सोसलं ते पाण्यात गेलं.

त्या शांततेने दादांना जाग आली. "बरं झालं आलात, भावोजी. सांगायचंच होतं. रंगकाम झालं, पण आता परत जावंसं वाटत नाही. एवढी जागा तुम्ही वापरतच नाही, तर मी इथेच राहतो म्हणतो. बाकीचं सामान सोमवारी येतंय. पेटीसुद्धा. पहाटे वाजवायला लागतो मी."

मोजणीदारांनी बायकोकडे पाहिलं. ती जिंकली होती. तिने सोफ्याकडे पाहिलं, गॅलरीकडे पाहिलं, दादांकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग मोजणीदारांचा हात धरून त्यांना पट्टीच्या आत ओढून घेतलं.

"पट्टी कुणी ओलांडली?" ती म्हणाली. "मी तर कुणाला पाहिलं नाही. उद्या रविवार. एजंटला बोलवा आणि नवं घर पक्कं करून टाका."

"अगं, पण तिथे श्वास घ्यायला..."

"घेऊ पाळीपाळीने. दादा, वाईट वाटून घेऊ नकोस. तिथे तुला टेकायलाही जागा नाही."

"छे, वाईट कसलं," दादा म्हणाले. "शेजारी म्हणून तुमचं-माझं मस्त जमलं की." त्यांनी टीव्हीचा रिमोट उशाशी घेतला. "तिथे तुमच्या बाजूचं घर रिकामं आहे का, तेवढं एजंटला विचारा."