पायरीवरचा माणूस

चौथा आराखडाही डोंगराने फेटाळला. आराखडा पायथ्याशी ठेवायचा; उजवा दगड घरंगळला तर होकार, डावा घरंगळला तर नकार, हे खात्याच्या परिपत्रकातच आहे. त्यामुळे वाद घालायची सोय नव्हती.

जलविद्युत केंद्र तसं लहानच. ओढ्याचं पाणी पाइपाने खाली आणून एक टर्बाइन फिरवायचं आणि तीन वाड्यांना वीज द्यायची. पण डोंगराला काँक्रीट चालेना, पत्रा चालेना. हिरवा रंग तर त्याने एकदम दोन डावे दगड पाडून नाकारला. शेवटी वैतागून मी केंद्र म्हणून उतारावरचं एकुलतं एक घरच कागदावर जसंच्या तसं काढलं, काळ्या दगडाचं, गवताने शाकारलेलं. ते धाकू झोरे या म्हाताऱ्या धनगराचं होतं. इमारतीची उंची कळावी म्हणून दारात एक माणूस काढायची आम्हा आरेखकांची सवय. धाकूबाबा समोरच घोंगडी पांघरून पायरीवर बसले होते. मी तेच काढले, आणि चेहरा ओळखू येईल इतके चांगले काढले. तिथेच माझं चुकलं.

उजवा दगड पडला.

केंद्र बांधून झालं, पण ओढा पाणी सोडेना. आमच्या खात्याच्या पाध्येसाहेबांनी मंजूर नकाशा उलगडला.

"यातला माणूस कुठाय?"

धाकूबाबांना केंद्राच्या पायरीवर बसवलं आणि पाणी आलं. ते उठले की तिन्ही वाड्यांत अंधार व्हायचा. मग ते उठेनासेच झाले.

हिवाळ्यात त्यांची लेक ठकू त्यांना न्यायला आली.

"बाबाच्या छातीत कफ झालाय, साहेब. हितं बसवून मारताय काय त्याला?"

मला तिच्याकडे बघवेना. मी माणूस खोडून सुधारित आराखडा डोंगरापुढे ठेवला. डावा दगड पडला. पुतळा काढला, तरी डावाच. मग आरसा समोर ठेवून पायरीवर मी स्वतःला काढलं.

उजवा दगड पडला.

धाकूबाबा लेकीचा हात धरून उतरू लागले. घोंगडी त्यांनी मला दिली, कारण नव्या नकाशातही ती होती. चार पावलांवर थांबून ते वळले.

"पावसात जरा आत सरकून बसा, साहेब. पागोळ्या अंगावर येतात."

मी मान डोलावली. आराखड्यात मी पायरीच्या बाहेरच्या कडेला आहे.