हाडाला आठवण नसते

"हिवाळ्याच्या घोड्याचे पैसे खिशात घालून कुठं निघालात?" कुलाशबाईंनी झारा कढईवर आपटला.

"उद्याच्या बसनं कोनाएवला. कॅसिनोत," मेइरबेक शांतपणे म्हणाला. "अगं, पद्धत सापडलीय. रुलेटच्या चाकावर लाल रंगावर लावायचं. हरलो की दुप्पट, परत हरलो की परत दुप्पट. कधीतरी लाल येणारच. एक घोडा नेऊन दोन आणतो!"

तीस वर्षं अल्माटीच्या शाळेत गणित शिकवलेल्या बाईंचं डोकं तेलापेक्षा तापलं. पहिल्यांदाच चहाला येणारे व्याही अर्ध्या तासावर आले होते आणि नवरा घोड्याचं हिवाळाभराचं मांस जुगारात घालायला निघाला होता.

"बसा इथं! तोमिरिस, तुझं खेळायचं मेंढीचं हाड आण."

नऊ वर्षांची नात घोट्याचं लाल रंगवलेलं हाड घेऊन धावत आली. बाईंनी व्याह्यांसाठी तळलेल्या ऐंशी बाउरसाकांपैकी, म्हणजे कणकेच्या फुगीर गोळ्यांपैकी, त्रेसष्ट नवऱ्यापुढे ओतले, सतरा नातीच्या ओढणीत.

"तोमिरिस म्हणजे कॅसिनो. हाडाचं खोलगट पोट वर आलं तर तुम्ही जिंकलात, फुगीर पाठ वर आली तर ती. कडेवर उभं राहिलं तरी तीच. त्यांच्या चाकावर हिरवं शून्य असतं ना, ती ही कड."

मेइरबेकनं एक-एक करत बारा बाउरसाक जिंकले. "बघितलंस, मास्तरीणबाई? शाळेत हे शिकवलं असतंस तर पोरं श्रीमंत झाली असती!"

बाईंचे कान लाल झाले. "टाका पुढे!"

पाठ. दोन लावले, पाठ. चार, आठ, पुन्हा पाठच. सोळा लावले, तर हाड कडेवर उभं! बत्तीस लावताना म्हातारा हाडाशी गोड बोलला. पाठ.

"आता येणारच पोट! चौसष्ट लावतो!"

"आणणार कुठून? बाराच उरलेत. आणि येणारच कसं? आधी काय पडलं हे हाडाला आठवतं होय? एकेक बाउरसाक जिंकलात आणि एका दमात त्रेसष्ट घालवलेत. हीच तुमची पद्धत!"

मेइरबेकचा चेहरा उतरला. नोटांची जुडी त्यानं पिठाच्या डब्यामागे ठेवली.

"शहाणे झालात. तोमिरिस, दे ते बाउरसाक. व्याही पोचतील."

तोमिरिसनं ओढणीची गाठ आवळली. "कॅसिनो कधी परत देतो का, आजी?"

"अगं कार्टे! पाहुण्यांपुढे काय ठेवू, माझं डोकं?"

"मग जिंकून घे."

बाई रागानं लालबुंद झाल्या. उरलेले बारा बाउरसाक त्यांनी चटईवर आपटले. "हे घे! सलग सहादा पोट आलं नाही. आता येणारच!"

मेइरबेक हळूच खाकरला. "अगं, हाडाला आठवतं होय?"

तोवर हाड बाईंच्या हातातून सुटलं होतं. ते गरगरलं, थोडं डुललं आणि कडेवर उभं राहिलं.

दारावर थाप पडली. तोमिरिस ओढणी सावरत उठली. "आजोबा, तुम्ही दार उघडा. पाहुण्यांना हाड टाकता येतं का विचारते."