परसूमामांचा हात

परसूमामा कुणाला नमस्कार करत नाहीत. थेट हात लावतात. चहाच्या कपाला, पोराच्या कपाळाला, बसच्या बॉनेटला. मग निकाल: "गार हाय" किंवा "गार न्हाई." रामनगरच्या स्टँडमागं त्यांचं मासळीच्या बर्फाचं दुकान. आमचं जुनं घर शेजारीच.

गेल्या वैशाखात मी गोव्याहून बेळगावच्या आमच्या प्रयोगशाळेसाठी एक इवलीशी कुपी नेत होते. वादळानं पुढच्या रस्त्यावर झाडं पाडली. बस रामनगरला अडकली, गावातली वीज गेली. मी कुपीचा डबा घेऊन मामांकडे धावले.

"काय हाय गो त्यात?"

"अँटीबॉडी. सशाच्या रक्तातून काढलेली."

मामांनी झटकन दार लोटलं. "ससा? अगो, फारेस्टवाल्यांना कळलं तर दोघं आत जाऊ!"

मी समजावलं. पेशी आपल्या वेळी मरतात. काही प्रथिनं त्यांना मरू देत नाहीत. ही अँटीबॉडी नेमकी त्या प्रथिनांना चिकटते, म्हणून ती कुठं आहेत ते आम्हाला दिसतं. पण ती तापली तर वाया, गोठली तरी वाया. माझं वर्षभराचं काम तिच्यावर होतं.

"मरू देत न्हाईत?" मामांचे डोळे चमकले. "मग आण की हिकडं!"

बर्फाची अर्धीच लादी उरली होती. तिच्यावर भुसा पसरून त्यांनी कुपी ठेवली. दर अर्ध्या तासानं हात घालून ओरडायचे, "गार हाय! गोठली न्हाई!" गल्लीतली माणसं येताजाता विचारू लागली, "मामा, ससा कसा हाय?"

"जित्ता हाय!"

तिसऱ्या दिवशी रस्ता सुटला. डबा घ्यायला गेले, तर मामा मांडीवर मडकं घेऊन बसलेले. आतल्या दह्यावर बुरशी.

"तुझ्या मामीचं विरजण," ते म्हणाले.

मामी जाऊन सहा वर्षं झाली. तिनं लावलेल्या दह्यातलं थोडं थोडं पुढं लावत त्यांनी ते जगवलं होतं. वीज गेली की मडकं बर्फात ठेवायचे. या खेपेला बर्फ एकापुरताच होता.

"जा गो तू. बस सुटंल."

पुढच्या शनिवारी मी तोच डबा घेऊन रामनगरला उतरले.

"परत ससा?"

"नाही. मामीचं दही. आईनं तिच्याकडूनच विरजण नेलं होतं. आई गेली, तरी बेळगावात मी तेच लावते."

मामांनी डब्यातल्या वाटीला हात लावला. निकाल काही दिला नाही. हातही काढला नाही.