सोललेली द्राक्षं

गोरखपुरात आमच्या शेजारी राहणारे खेडकरकाका द्राक्षं सोलतात. एकेक, नखाने. साली काकूंना आणि गर वाटीत घालून आमच्याकडे. सोललेलं द्राक्ष ताटात आपल्याकडे डोळा वटारून बघतं, पण फुकटचं असल्यामुळे आम्ही नजर चुकवून खातो.

कारण वैज्ञानिक आहे. काकूंच्या हृदयाच्या नळीत गेल्या वर्षी फुगा फुगवून स्टेंट बसवला. फुग्याने नळीला आतून जखम होते, आणि ती भरताना नळी पुन्हा अरुंद होऊ शकते, असं डॉक्टरांनी सांगितलं. काका रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. ते वाचत सुटले.

"पॉलिफिनॉल! सगळं सालीत असतं जी. उंदरांच्या नळ्या उघड्या राहिल्या!"

"पण काकू उंदीर नाहीत," मी म्हणालो.

"तुम्ही आर्ट्सवाले."

काकूंना शुगर, म्हणून गर वर्ज्य.

एकदा काका बाहेर गेलेले बघून मी काकूंना विचारलं, "खरंच खाता त्या साली?"

"नंतर खाते म्हणते आन् गाईला घालते. डॉक्टरच्या गोळ्या घेते ना नेमाने."

"मग काकांना सांगत का नाही?"

"काहून सांगू? कॉलेज होतं तोवर कधी माझ्यापाशी बसले नाहीत. आता रोज समोर बसून सोलून राहिले. बोलतात पण."

मागच्या आठवड्यात काकूंच्या छातीत पुन्हा दुखलं. मी सोबत गेलो. तपासणी संपेपर्यंत काका बाकावर बसून होते. मांडीवर द्राक्षांची पिशवी, पण एकही सोललं नाही. उंदरांचा विषयही नाही.

डॉक्टर बाहेर आले. "नली एकदम खुली है, सर. गैस थी. गोलियाँ चालू रखिए."

आता पॉलिफिनॉलचं व्याख्यान होणार, म्हणून मी सावरून बसलो. काका फक्त "अच्छा" म्हणाले. मग चष्मा पुसला. घातला, आणि परत काढून पुसला.

परतताना आम्ही तिघं ऑटोत बसलो. सदर बाजार मागे पडल्यावर काका हळूच म्हणाले, "नळी उघडी आहे. म्हणजे आता सोलायची तशी गरज नाही. नाही का?"

काकू रस्त्याकडे बघत होत्या.

"काहून नाही? ही पिशवी तर दवाखान्यातच दबून गेली. भैया, ज़रा रोकना. दुसरी घ्या जी."

"अर्धा किलो?"

"किलोभर घ्या. घाई काय आहे आपल्याला?"

काका तरुण माणसासारखे उतरले. मी गप्प बसलो. गाईचं आणि माझं, दोघांचंही यात हित होतं.